मंदीचे दिवस आणि जोखमीची गाडी

व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर तत्त्वज्ञान, इतिहास, अर्थकारण, आरोग्य असे विषय येतात व यावेत. यंदा आम्ही ट्रकचालकाच्या नोकरीविषयी बोलणार असे कळले तेव्हा दोघा-तिघा मित्रांनी आम्हांस विचारले, की यात बोलण्यासारखे असे आहे तरी काय? गाडी येते त्याला काम मिळते, येत नाही त्याला मिळत नाही; मंदी असली तर थांबावे, तेजी आली की जावे. प्रश्न इतका सरळ असता तर आम्हीही गप्प बसलो असतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या आळीतील एक तरुण आपल्या आईला घेऊन आमच्याकडे आला. सहा वर्षे तो एका हुंडेकऱ्याकडे दहा चाकी ट्रकवर होता. मालकाकडे पाच गाड्या होत्या. भाडी मिळेनात म्हणून त्याने दोन विकल्या आणि दोन चालक मोकळे केले. त्यात हा. तो आम्हांस म्हणाला, "काका, सहा वर्षांत माझ्या हातून एक अपघात नाही. अड्ड्यावर रोज जाऊन बसतो. मग मला काम का नाही?" आई म्हणाली, "त्याला कुठे शिपायाची तरी जागा बघा. ही गाडी नको."

आमच्यापाशी त्या दिवशी उत्तर नव्हते. मग आम्ही चौकशीस लागलो. मालकांना भेटलो, मुरलेल्या चालकांच्या ओळखी काढल्या, कायद्याची कलमे वाचली. जे कळले ते येथे क्रमाने मांडतो.

मंदीत आधी मोकळा कोण होतो?

मालवाहतुकीचा धंदा स्वतःच्या पायावर उभा नसतो. कारखाना माल काढतो, शेतकरी पीक काढतो, कोणी घर बांधतो. तेव्हा कोठे ट्रकला भाडे मिळते. बाजार आखडला की आधी परतीचे भाडे मिळेनासे होते. पुण्याहून माल घेऊन गेलेली गाडी चार दिवस परमुलखात उभी राहते, नाही तर रिकामी परतते. कर्जाचा हप्ता, विमा, टायर, कर यांना मात्र मंदी ठाऊक नसते. मालक आधी भत्ता कापतो, मग गाडी उभी करतो, मग विकतो. गाडीबरोबर चालक जातो. दर वर्षी पावसाळ्यात बांधकामे थंडावली की याची छोटी आवृत्ती दिसतेच. सर्वत्र मंदी असली म्हणजे तोच पावसाळा वर्षभर चालतो.

पण केवळ मंदीला दोष देऊन भागत नाही. गेल्या काही वर्षांत या धंद्यात असे बदल झाले, की तेवढाच माल थोड्या गाड्यांत आणि थोड्या माणसांत जाऊ लागला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि विक्रीकराच्या नाक्यांवरचे गाड्यांचे तासन्‌तास ताटकळणे संपले. मुंबईची जकातही तेव्हाच गेली. फेब्रुवारी २०२१ पासून टोलनाक्यावर फास्टॅग सक्तीचा झाला. हे सारे चांगलेच झाले; परंतु वाटेत वेळ वाचला म्हणजे तीच गाडी महिन्यात जास्त खेपा करते, आणि जास्त खेपा करणाऱ्या गाड्या कमी लागतात.

जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने ट्रकच्या वजनाची मर्यादा वाढवली. तीन एक्सलच्या ट्रकला मालासकट २५ टनांची मुभा होती, ती २८.५ टन झाली. आता हिशेब करून पाहा. रिकाम्या गाडीचे वजन ९ टन धरले, तर पूर्वी १६ टन माल जाई, आता १९.५ टन जाऊ शकतो. म्हणजे सहा गाड्यांचा माल पाच गाड्यांत बसतो, आणि सहाव्या गाडीचा चालक अड्ड्यावर येऊन बसतो. त्याचे हातकसब कमी झाले म्हणून तो तेथे बसलेला नसतो.

लहान गाड्यांकडे वळावे, तर तेथे गर्दी आहे. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की हलक्या मोटारीचे लायसन असलेल्या माणसाला एकूण ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवण्यास वेगळ्या नोंदीची गरज नाही. लहान टेंपो चालवणाऱ्यांची यामुळे मोठी अडचण दूर झाली. परंतु जेथे दार रुंद असते तेथे रांगही लांब असते. त्याच निर्णयात धोकादायक माल नेणाऱ्या वाहनांचे वेगळे नियम मात्र कायम राहिले आहेत. आमच्या विषयाचे दार ते आहे.

जोखमीच्या गाड्या कोणत्या?

पहिली टाकीची गाडी, म्हणजे टँकर. पेट्रोल, डिझेल, स्वयंपाकाचा गॅस, रसायने, दूध, खाद्यतेल अशा सर्व पातळ पदार्थांची वाहतूक टँकरने होते. मनमाडजवळचे पानेवाडी, सोलापूरजवळचे पाकणी, पुण्याजवळचे लोणी येथील तेलाच्या आगारांतून रोज निघणाऱ्या गाड्या तुम्ही पाहिल्या असतील. साध्या ट्रकवर दहा वर्षे काढलेला माणूस टँकरवर पहिल्या दिवशी चुकतो, त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. सिमेंटची पोती ठेवली तेथे राहतात. पातळ पदार्थ हालतो. टाकी काठोकाठ भरली असेल तर त्याला हालण्यास जागा नसते. ती अर्धी असेल तेव्हा धोका सर्वांत जास्त. चालक ब्रेक दाबतो, गाडी थांबते, आणि मग आतली लाट पुढे येऊन गाडीला मागून ढकलते. वळणावर तोच पदार्थ बाहेरच्या अंगाला चढतो आणि गाडी कलंडवतो. लाट अडवण्यासाठी टाकीत आडवे पडदे घालतात, पण ते मागेपुढे होणारी हालचाल अडवतात. बाजूची अडवत नाहीत. दुधाच्या टाक्यांत तर धुण्याच्या सोयीसाठी असे पडदे पुष्कळदा नसतातच. म्हणून टँकरच्या चालकाला वळण येण्यापूर्वी वेग कमी करावा लागतो. वळणात शिरल्यावर केलेला उपाय उशिराचा असतो.

दुसरी कंटेनरची गाडी. न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झाले आणि वीस व चाळीस फुटी पेट्यांची वाहतूक आपल्या रस्त्यांवर नित्याची झाली. ओढणारी गाडी, जिला चालक 'घोडा' म्हणतात, आणि मागचा ट्रेलर ही दोन वेगळी अंगे असतात. मागे घेताना ट्रेलर उजवीकडे न्यायचा तर सुकाणू आधी डावीकडे फिरवावे लागते. घसरणीवर वेडावाकडा ब्रेक लागला तर मागचा भाग पुढच्याशी कोन करून आडवा येतो आणि सारा रस्ता बंद होतो. पेटीचे चारही कोपरे कुलपांनी नीट अडकले आहेत की नाहीत, हे निघण्यापूर्वी खाली उतरून पाहणे हा त्याचा पहिला नेम.

तिसरी थंड पेटीची गाडी. नाशिकची द्राक्षे जानेवारी ते एप्रिल या काळात परदेशी जातात. ती शून्य अंशाच्या आसपास थंड ठेवावी लागतात. पेटीतील तापमानाची नोंद यंत्र करीत असते. जेवायला थांबलेल्या चालकाने डिझेल वाचवण्यासाठी दोन तास यंत्र बंद ठेवले तर ती नोंद बंदरावर त्याच्याविरुद्ध साक्ष देते, आणि शेतकऱ्याचा वर्षाचा घाम वाया जातो.

चौथी अजस्र मालाची गाडी. साधे वाहन २.६ मीटरहून रुंद असता कामा नये असा नियम आहे. विजेचे रोहित्र, पवनचक्कीचे पाते, कारखान्याचे पात्र अशा वस्तू त्यात बसत नाहीत. त्यांच्यासाठी अनेक एक्सलची खास गाडी, विशेष परवाना, पुढे-मागे सोबतीची माणसे, पूल व तारा यांची आधी केलेली पाहणी असा सगळा सरंजाम लागतो. जुलै २०१९ मध्ये महाराष्ट्रातून निघालेले एक अवाढव्य यंत्र जुलै २०२० मध्ये तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्रात पोचले. पुरे एक वर्ष लागले. दिवसाची मजल सुमारे पाच किलोमीटरांची. वाटेत टाळेबंदीही आडवी आली. वेगाची हौस असलेल्या माणसाला हे काम एक दिवसही जमणार नाही.

या चारही कामांत समान काय आहे ते पाहावे. हात चांगला असावा लागतोच. त्यापुढे मालाचा स्वभाव ओळखावा लागतो, सूचना वाचाव्या लागतात आणि कोणी पाहत नसतानाही नियम पाळावा लागतो. मालक दुप्पट चौकशी करून माणूस ठेवतो तो यासाठी.

प्राणवायूचे दिवस

एप्रिल २०२१ मधील दिवस आपण कोणी विसरलेलो नाही. महामारीची दुसरी लाट आली होती आणि रुग्णालयांत प्राणवायू पुरेना. तो कारखान्यात होता, पण रुग्णालयात पोचत नव्हता. द्रवरूप प्राणवायू उणे १८३ अंशांवर राहतो. तो नेण्यास दुहेरी भिंतीचा खास टँकर लागतो आणि तो हळू चालवावा लागतो. १९ एप्रिल रोजी कळंबोलीहून रिकामे टँकर रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढवून विशाखापट्टणमला पाठवावे लागले. ते भरून परत नागपूर व नाशिकला आले. तेव्हा लोकांचे लक्ष टँकरांच्या टंचाईकडे होते. चालकांच्या टंचाईकडे थोड्यांचेच गेले. टँकर दिवसरात्र फिरवायचा तर एकामागून एक चालक लागतात, आणि धोकादायक मालाची नोंद लायसनवर असलेले, असा टँकर हाताळलेले चालक मोजकेच निघाले. शेवटी असे प्रशिक्षित चालक तातडीने तयार करा असे केंद्र सरकारला राज्यांना सांगावे लागले.

त्याच महिन्यांत हजारो ट्रकचालक कामावाचून घरी बसले होते, हे ध्यानात घ्या. एकीकडे काम नसलेला माणूस, दुसरीकडे माणूस नसलेले काम. मध्ये अंतर फक्त तीन दिवसांच्या शिक्षणाचे, एका नोंदीचे आणि थोड्या अनुभवाचे. हे अंतर संकटाच्या दिवशी तोडता येत नाही. ते रिकाम्या दिवसांत तोडून ठेवावे लागते. आम्हांस आज जे सांगावयाचे आहे त्याचे सार हेच आहे.

कायद्याची पायरी

ही वाट अनेकांना वाटते तितकी अवघड नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याप्रमाणे मालवाहू वाहनासाठी वयाची वीस वर्षे पुरी लागतात, आणि जड वाहन शिकण्यापूर्वी हलक्या मोटारीचे लायसन किमान एक वर्ष जवळ असावे लागते. त्यानंतरची पायरी धोकादायक मालाची. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे. त्यांतील नववा नियम सांगतो, की असा माल नेणाऱ्या चालकाने मान्य संस्थेत तीन दिवसांचे शिक्षण घ्यावे. त्यात सावधपणे वाहन चालवणे, गाडीवरील प्रगत हुकमत आणि मालाची सुरक्षितता असे तीन भाग असतात. शिक्षणाचा दाखला परिवहन कार्यालयात दाखवला की लायसनवर तशी नोंद होते. पूर्वी ती वर्षापुरती असे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर असे लायसन तीन वर्षे चालते. पुढे नूतनीकरणाच्या वेळी उजळणी आहे.

त्याच नियमात आणखी एक अट आहे. चालकाला एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहितावाचता आली पाहिजे. व्यवसायिक चालकासाठी असलेली आठवी पास होण्याची अट २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली, ही गोष्ट सर्वांनी ऐकली. परंतु धोकादायक मालासाठी वाचण्याची अट राहिली आणि ती रास्त आहे. टँकरच्या मागे व बाजूला चौकटीची पाटी असते. तिच्यावर चार आकडी क्रमांक असतो: १२०३ म्हणजे पेट्रोल, १०७५ म्हणजे स्वयंपाकाचा गॅस, १०७३ म्हणजे द्रवरूप प्राणवायू. गळती झाली तर पाणी मारायचे की नाही, लोकांना किती दूर न्यायचे, हे अग्निशामक दल त्या पाटीवरून ठरवते. चालकाच्या केबिनमध्ये मालाची माहिती व आपत्तीच्या वेळच्या सूचना असलेला कागद ठेवणे नियमाने बंधनकारक आहे. अपघात झाल्यास जवळच्या पोलीस ठाण्याला ताबडतोब कळवण्याची जबाबदारीही त्याचीच. हा कागद ज्याला वाचता येत नाही त्याच्या हाती गाडी देणे म्हणजे गावाच्या जिवाशी खेळणे होय.

काम कोठे आणि कसे शोधावे?

आमच्या आळीतला तरुण रोज अड्ड्यावर बसत होता. अड्डा हे त्या दिवसाच्या भाड्याचे ठिकाण. तेथे दलाल विचारतो, "आज रात्री निघतोस का?" जोखमीच्या गाडीसाठी माणूस असा मिळत नाही आणि मिळवतही नाहीत. तेथे मालकाचे कंत्राट वर्षानुवर्षांचे असते; तेल कंपनीचे, रसायनांच्या कारखान्याचे, दूध संघाचे. कंत्राट नव्याने लागते तेव्हा नव्या गाड्या येतात व नवे चालक लागतात. म्हणून कोणाचे कंत्राट कधी बदलणार, कोण नवी गाडी घेणार, याचा सुगावा ठेवला पाहिजे. तो लागतो कोठे? आगाराच्या फाटकाजवळच्या चहाच्या टपरीवर, टाकी व बॉडी बांधणाऱ्या कारखान्यात, टायरवाल्याकडे, वजनकाट्यावर. गाडी रस्त्यावर येण्याच्या आधी महिना-दोन महिने ही मंडळी तिला ओळखत असतात.

दुसरी गोष्ट कागदांची. एका अनुभवी मालकाने आम्हांस सांगितले, की उमेदवार आला म्हणजे तो आधी त्याचे पाकीट बघतो आणि मग हात बघतो. लायसन व नोंद, शिक्षणाचा दाखला, डोळ्यांची व प्रकृतीची तपासणी, पोलिसांकडील चारित्र्याचा दाखला, आधीच्या मालकाचे दोन ओळींचे पत्र, हे सारे एका पाकिटात नीट असावे. आमची यात एक भर आहे. चालकाने एक वही ठेवावी. कोणती गाडी, किती टन, कोठून कोठे, कोणता घाट, काय अडचण आली, ती कशी निभावली. वर्षभराची अशी वही पाहणाऱ्या मालकाला तोंडी परीक्षेची फारशी गरज उरत नाही.

तिसरी गोष्ट, दुसरा चालक म्हणून जाण्याची तयारी. लांबच्या टँकरवर आणि अजस्र मालाच्या गाडीवर जोडीने माणसे लागतात. सहा वर्षे स्वतंत्र गाडी चालवलेल्या माणसाला पुन्हा कोणा उस्तादाच्या हाताखाली बसणे कमीपणाचे वाटते. पण भरलेल्या टाकीने कसारा घाट उतरताना वर असतानाच खालचा गिअर का घालायचा, सतत ब्रेक दाबून तो तापला म्हणजे ऐन वेळी कसा दगा देतो, गाडी न्यूट्रल करून तेल वाचवण्याची सवय कशी जीव घेते, हे पुस्तकातून अर्धेच कळते. उरलेले अर्धे शेजारी बसूनच कळते. मंदीत पगार तसाही कमी मिळणार असतो. तो शिकत असताना कमी मिळाला तर नुकसान कमी.

चौथी गोष्ट ऋतूंची. बांधकामाचा माल पावसाळ्यात थांबतो, पण दूध, पेट्रोल, गॅस बारमाही जातात. द्राक्षांचा हंगाम वर्षाच्या आरंभीचा, उसाचा गाळप हंगाम दिवाळीच्या सुमाराचा. हंगाम सुरू झाल्यावर गेलेला माणूस रांगेत शेवटी उभा राहतो. द्राक्षांच्या थंड गाडीचे काम हवे असेल त्याने डिसेंबर उजाडण्याच्या आत मालकांची दारे ठोठवावीत.

कोठे सावध राहावे?

माणूस अडला की त्याच्याभोवती फसवणारे जमतात. तीन दिवसांचे शिक्षण न घेता दाखला हातात देणारे भेटतात. त्यांच्याकडून दाखला घेणाऱ्याने काय विकत घेतले? उद्या अपघात झाला आणि दाखला खोटा निघाला, तर विमा कंपनी हात आखडते, मालक बुडतो आणि चालक तुरुंगात जातो. हे झाले कायद्याचे. २० डिसेंबर २०२४ रोजी पहाटे जयपूर-अजमेर महामार्गावर गॅसच्या टँकरची व ट्रकची टक्कर झाली. गॅस पसरला, पेटला, आणि आसपासच्या वाहनांतील डझनाहून अधिक माणसे प्राणांस मुकली. असा माल पाठीशी घेऊन चालताना आपणास काय ठाऊक नाही, हे ज्याचे त्याला माहीत असतेच. ते न शिकता निघणे हा आम्ही गुन्हाच मानतो.

नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणारा, मूळ लायसन अडकवून ठेवणारा मालक, आखातात पाठवतो म्हणणारा नोंदणी नसलेला दलाल, या तिघांपासून दूर राहावे. कामावर जाण्यापूर्वी विचारून घ्यावे, की पगार महिन्याचा की खेपेचा. भत्ता वेगळा की आत. माल कमी भरला तर वजावट कोणाच्या माथी. दंड कोण भरणार. भविष्यनिर्वाह निधी व विमा आहे की नाही. जोडीला दुसरा चालक मिळणार की नाही. हे विचारल्याने मालक रागावतो असा समज आहे. चांगला मालक रागावत नाही, असा आमचा चौकशीतला अनुभव आहे.

आणखी एक मोह. मंदीत जुने ट्रक स्वस्त होतात. "दुसऱ्याची गाडी किती दिवस चालवणार, कर्ज काढून आपलीच घेऊ," असे घरात बोलणे निघते. भाडी नाहीत म्हणून ज्या मालकाने गाडी विकली, त्याचीच गाडी घेऊन आपण भाडी कोठून आणणार, हा प्रश्न आधी स्वतःला विचारावा. मालाचे कंत्राट हातात असेल तर गाडीचे कर्ज फिटते. गाडी हातात असली म्हणून कंत्राट मिळतेच असे नाही.

आपला संबंध

श्रोत्यांत चालक थोडे आणि दुकानदार, कारखानदार, नोकरदार, गृहिणी अधिक आहेत, याची आम्हांस जाणीव आहे. तरीही हा विषय तुमचा आहे. २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत नव्या दंडसंहितेतील अपघाताच्या कलमाविरुद्ध चालकांनी गाड्या उभ्या केल्या; एका दिवसात पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. टँकरच्या चालकावाचून आपले शहर किती तास चालते, ते त्या दिवशी कळले.

जो व्यापारी धोकादायक माल पाठवतो, त्याने मालाची खरी व पुरी माहिती गाडीवाल्याला दिली पाहिजे, हे त्याचे कायदेशीर कर्तव्य आहे. "रंगाचे डबे आहेत, घेऊन जा," एवढे सांगून चालत नाही. तसेच विश्रांतीचे. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांची सर्वसाधारण मर्यादा घातली होती आणि पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली होती. पुढे तो कायदा २०२० च्या संहितेत सामावला गेला. कागदावर साठ वर्षांहून जुनी असलेली ही गोष्ट रस्त्यावर किती पाळली जाते? "माल उद्या सकाळी पोचलाच पाहिजे," असे फोनवर सांगताना आपण चालकाची झोप मागत असतो. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्या आकड्यात चालकाच्या चुका आहेत, तशा माल मागवणाऱ्यांच्या घाईच्याही आहेत.

गावातील संस्थांना एक सूचना करतो. शिष्यवृत्त्या आपण देतो, त्या योग्यच. पण काम सुटलेल्या दोन-चार चालकांना तीन दिवसांच्या शिक्षणाची फी आणि तेवढ्या दिवसांचा रोज दिला, त्यांना इंग्रजी अक्षरे व पाटीवरचे आकडे वाचायला शिकवणारा एक शिक्षक दिला, तर खर्च थोडा आणि उपयोग दोन्हीकडचा. पुढच्या संकटात रुग्णालयाच्या दारी जो टँकर येईल, त्याच्या सुकाणूवर त्यांच्यापैकी कोणी असेल.

आता त्या तरुणाचे. तो शिकून आला. शाळेत सुटलेले इंग्रजी त्याने धाकट्या बहिणीकडून गिरवून घेतले. पहिल्या तीन मालकांनी त्याला नकार दिला. चौथ्याने दुधाच्या टँकरवर दुसरा चालक म्हणून घेतले. पगार पूर्वीपेक्षा कमी आहे. आम्हांस भेटला तेव्हा त्याने आपली वही दाखवली. चाळीस पाने झाली आहेत. पेट्रोलच्या गाडीवर जायला अजून वर्ष लागेल म्हणतो. त्याच्या आईची काळजी गेलेली नाही, आणि ती जावी असे आम्हीही म्हणणार नाही. मात्र शिपायाच्या जागेविषयी तिने आम्हांस पुन्हा विचारलेले नाही.